पाटी मराठी झाली, दुकानाचे काय?

दुकानावरील नामफलक मराठीत व देवनागरी लिपीत असलाच पाहिजे, ही सक्ती महाराष्ट्र शासनाने २०२२ साली कायद्यात दुरुस्ती करून दहापेक्षा कमी नोकर असलेल्या लहान दुकानांनाही लागू केली. व्यापाऱ्यांच्या संघटनेने तिला न्यायालयात आव्हान दिले. उच्च न्यायालयाने ते फेटाळले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांत पाट्या बदलण्यास बजावले. त्यानंतर मुंबई महापालिकेची पथके पाट्यांची पाहणी करीत रस्तोरस्ती फिरली. या सक्तीचे सर्वसामान्य मराठी माणसाने स्वागत केले, ते योग्यच होते. ज्या राज्यात दुकान थाटायचे, त्या राज्याची भाषा दारावर असावी, ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. परंतु याच काळात मुंबईच्या जुन्या मराठी वस्त्यांतून फिरणाऱ्या कोणाच्याही ध्यानात एक विसंगती आल्यावाचून राहणार नाही. गिरगावात, दादरला, लालबागला ज्या दुकानांच्या पाट्या पिढ्यान् पिढ्या मराठीतच होत्या, ती दुकानेच एकामागून एक नाहीशी होत आहेत. पाटीवरील अक्षर केवढे असावे याचा विचार शासनाने केला. त्या पाटीखालचे दुकान टिकावे की नाही, आणि टिकावे तर कशाच्या आधारावर, याचा विचार मात्र कोठल्याही धोरणात दिसत नाही.

‘गेले ते दिवस’ म्हणून उसासे टाकण्याची सवय प्रत्येक पिढीला असते आणि त्या उशाशांवर शहराचे नियोजन करता येत नाही, हे खरे. कल्हईवाला गेला, कारण पितळेची भांडी गेली. कोळशाची वखार गेली, कारण घरोघरी गॅस आला. त्याबद्दल कोणी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परंतु वाणी, पिठाची गिरणी, खानावळ, इस्त्रीवाला, शिंपी, चपला दुरुस्त करणारा, शाळेच्या वह्या-पुस्तकांचे दुकान यांची गरज संपलेली नसताना ती वस्तीतून उठत असतील, तर त्याचे कारण केवळ काळाचा महिमा असे सांगून भागणार नाही. ही दुकाने इतकी वर्षे कशी टिकली आणि आता का उठत आहेत, याचा हिशेब नीट मांडला पाहिजे. तो मांडण्यास गिरगावाइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

गिरगाव हे कारकुनांचे, शिक्षकांचे आणि विद्यार्थ्यांचे गाव. फोर्टातील कचेऱ्या पायी गाठता येतील एवढ्या अंतरावर, कोकणातून व देशावरून आलेल्या मध्यमवर्गीय माणसांनी येथील वाड्यांत आणि चाळींत बिऱ्हाडे थाटली. फणसवाडी, खोताची वाडी, झावबावाडी, आंग्रेवाडी, मुगभाट ही नावे मराठी वाचकाला अपरिचित नाहीत. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली मुंबईतील पहिला सार्वजनिक गणेशोत्सव झाला. १९१३ च्या मे महिन्यात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ येथल्याच कॉरोनेशन चित्रगृहात लागला, आणि १९३१ च्या मार्चमध्ये ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट मॅजेस्टिकमध्ये झळकला. त्या चित्रगृहाचे नाव घेऊन केशवराव कोठावळे यांनी १९४२ साली पुस्तकांचे दुकान काढले. चित्रगृह पुढे गेले, पण त्याचे नाव मराठी पुस्तकांच्या व्यवहारात राहिले. एका लहानशा वस्तीत एवढे सारे घडले याचा अभिमान गिरगावकरांना वाटतो, तो साहजिक आहे. मात्र या साऱ्यामागे जो साधा अर्थव्यवहार होता, त्याकडे सहसा लक्ष जात नाही.

तो व्यवहार असा होता. चाळीतील बिऱ्हाड म्हणजे दहा-बारा फुटांच्या एक किंवा दोन खोल्या. तेवढ्या जागेत सात-आठ माणसे राहत. वर्षाचे धान्य साठविण्यास जागा नसे, म्हणून किराणा आठवड्याला, कधी रोजच्या रोज आणावा लागे. दळण जवळच्या गिरणीतून दळून येई. कपड्यांना इस्त्री कोपऱ्यावरच्या लाँड्रीत होई. एकट्या राहणाऱ्या पुरुषास स्वयंपाकाची सोय नसे, म्हणून खानावळी निघाल्या. पाहुण्याशी निवांत बोलण्यास घरात जागा नसे, म्हणून इराण्याचे हॉटेल आले. पुस्तके विकत घेणे परवडत नसे आणि ठेवण्यास कपाटही नसे, म्हणून महिन्याच्या वर्गणीवर कादंबऱ्या व दिवाळी अंक देणारी वाचनालये चालली. थोडक्यात, दुकान हे खोलीचेच वाढविलेले अंग होते. घर लहान होते म्हणून बाजार दाराशी होता, आणि बाजार दाराशी होता म्हणून एवढ्या लहान घरात संसार निभावत होता. गिरगावच्या दुकानदारीचे मूळ या दाटीत आहे.

दुसरे मूळ उधारीत आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेस पगार होणाऱ्या माणसाला वीस तारखेनंतर जो आधार लागे, तो कोणतीही बँक देत नसे. वाण्याची वही देई. तारण काही नाही, व्याज उघडपणे काही नाही. माणूस कोणत्या चाळीत राहतो, कोठे नोकरी करतो आणि त्याचा बाप वेळेवर पैसे देत असे की नाही, एवढ्या माहितीवर तेल, गूळ, चहाची पूड मिळत असे. यात परोपकार होता असे समजण्याचे कारण नाही. उधारीच्या गिऱ्हाइकास दुसऱ्या दुकानाची पायरी चढणे अवघड जाई, भावात घासाघीस करता येत नसे, आणि वहीत लिहिलेला भाव मुकाट्याने मान्य करावा लागे. भेसळ आणि मापातील पाप यांच्या तक्रारीही त्याच काळच्या आहेत. टंचाईच्या दिवसांत याच दुकानांतून माल दिसेनासा होई. मुंबईत १९४३ साली शिधावाटप आले, १९४८ साली नायगावात कामगारांच्या सहकारी भांडारातून ‘अपना बाजार’ उभा राहिला, आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून महिन्याचा माल थेट त्यांच्यापर्यंत पोहोचविण्यास आरंभ केला. वाण्याच्या सचोटीवर मध्यमवर्गाचा पुरता विश्वास असता, तर या संस्था निघाल्याच नसत्या. वस्तीतील दुकानदाराची बाजू मांडताना त्याला संत ठरविण्याची गरज नाही. तो उपयोगी होता, एवढे पुरेसे आहे.

खानावळींचा इतिहास हेच दुसऱ्या बाजूने सांगतो. गिरगावात खानावळी चालत त्या कारकुनांच्या आधारावर, तर परळ-लालबागच्या गिरणगावात त्या चालत गिरणी कामगारांच्या आधारावर. तेथे घरच्या चुलीवर पाच-पन्नास माणसांचे जेवण रांधणाऱ्या बायका होत्या. कामगाराचे पैसे महिन्याने मिळत आणि धान्य तर रोज लागे. मधली तोंडमिळवणी करण्यासाठी त्या सावकाराच्या दारी जात. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कोठे त्यांच्या श्रमाला धंद्याची प्रतिष्ठा आली. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यातील असंख्य लोकांना पुन्हा गिरणीचे तोंड पाहावयास मिळाले नाही. गिरण्यांचा भोंगा बंद झाल्यावर त्या भोंग्यावर ज्यांच्या चुली पेटत होत्या, त्या खानावळींचे काय झाले असेल हे सांगण्यास आकडेवारीची जरुरी नाही. नुकसानभरपाईच्या चर्चेत मात्र गिरणीमालक होते, कामगार होते, बँका होत्या. खानावळवाली आणि वाणी नव्हते. वस्ती मोडते तेव्हा तिच्या आधाराने जगणाऱ्या धंद्यांची गणती होत नाही, हा धडा त्या संपाने चाळीस वर्षांपूर्वीच दिला होता.

आता या दुकानांना तगवून धरणाऱ्या तिसऱ्या, आणि बहुधा सर्वांत बळकट, खांबाकडे वळले पाहिजे. तो खांब म्हणजे भाडेनियंत्रण. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. हा कायदा केवळ राहत्या खोल्यांपुरता नव्हता. धंद्याच्या जागाही त्यात आल्या. महायुद्धाच्या काळात आणि पुढे फाळणीनंतर शहरात जी अतोनात गर्दी झाली, तिच्यात भाडेकरूला रस्त्यावर येण्यापासून या कायद्याने वाचविले, याबद्दल दुमत नाही. परंतु तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढी घेत पन्नास वर्षे जगला. जमिनीचे भाव गगनाला भिडले तरी रस्त्यावरच्या मोक्याच्या गाळ्याचे भाडे काही रुपयांतच राहिले. गिरगावात दोन आण्यांच्या नफ्यावर दुकान चालविता येत होते, त्याचे रहस्य दुकानदाराच्या काटकसरीत जेवढे होते, त्याहून अधिक या गोठलेल्या भाड्यात होते.

या सवलतीची किंमत कोणीतरी देतच होते. प्रथम ती घरमालकाने दिली, आणि घरमालकाने दुरुस्तीकडे पाठ फिरविल्यावर ती इमारतीने दिली. शासनाला याची जाणीव झाली तेव्हा १९६९ साली इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला आणि दुरुस्तीसाठी उपकर बसविण्यात आला. त्या वेळी बेट शहरात अशा उपकरप्राप्त इमारती सुमारे १९,६०० होत्या. आजही त्यांतील सुमारे तेरा हजार उभ्या आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य इमारती १९४० पूर्वीच्या आहेत. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारानजीकची हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे मृत्युमुखी पडली. स्वस्त भाड्याचे दुकान आणि पडणारी इमारत या एकाच कायद्याच्या दोन बाजू आहेत. जुन्या दुकानांचे गुणगान करणाऱ्याने दुसरी बाजू लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

न्यायालयांनाही हे मान्य करावे लागले. प्रमाणित भाड्याच्या जुन्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये दिला. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने बँका, सरकारी उपक्रम आणि एक कोटी रुपये वा अधिक भागभांडवलाच्या कंपन्या यांचे संरक्षण काढून घेतले, इतरांच्या भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढीस परवानगी दिली, आणि आजवर चोरून चालणाऱ्या पागडीला कायद्याचे रूप दिले. लहान दुकानदाराचे संरक्षण त्यातही राहिले. म्हणजे भाडेवाढीने दुकानदार उठला, असे म्हणण्यास आधार नाही. तो उठत आहे तो दुसऱ्याच मार्गाने, आणि त्या मार्गाचे नाव पुनर्विकास असे आहे.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३ (७) या नियमाने उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्बांधणीस वाढीव चटईक्षेत्र दिले, आणि २०१८ मध्ये आलेल्या नव्या नियमावलीत ते धोरण पुढे चालू राहिले. भाडेकरूला मालकी हक्काची नवी जागा विनामूल्य मिळते. राहत्या भाडेकरूस किमान ३०० चौरस फुटांची, आणि दुकानदारास त्याच्या मूळ गाळ्याएवढी. जीर्ण इमारतीत जीव मुठीत धरून राहणाऱ्या कुटुंबास स्वतःचे, संडास-न्हाणीघर असलेले घर मिळते, हा फार मोठा लाभ आहे. त्या लाभाला नाके मुरडण्याचा अधिकार सुखवस्तू टीकाकारांना नाही. सामायिक नळावर पहाटे चारला रांग लावणाऱ्या गृहिणीला चाळ-संस्कृतीचे गोडवे सांगणे हा दुष्टपणा ठरेल.

परंतु दुकानदाराच्या बाबतीत या हिशेबात एक मूलभूत चूक आहे. नियम गाळा मोजतो, धंदा मोजत नाही. दोनशे चौरस फुटांच्या बदल्यात दोनशे चौरस फूट दिले की न्याय झाला, असे तो गृहीत धरतो. घरापुरते हे गृहीत ठीक आहे. कुटुंब चार वर्षे डोंबिवलीस किंवा विरारला भाड्याच्या जागेत काढील आणि परत येईल. संसार त्याने बरोबर नेलेला असतो. दुकानदाराला आपला संसार, म्हणजे गिऱ्हाईक, बरोबर नेता येत नाही. इमारत रिकामी होते तेव्हा त्याचा गाळा जातो आणि त्याच दिवशी त्याचे गिऱ्हाईकही पांगते. काम तीन वर्षांत पुरे होईल असे करारात लिहिलेले असते, पण सात-आठ वर्षे लागल्याची उदाहरणे मुंबईत शेकड्यांनी सापडतील, आणि अर्धवट सांगाडे उभे करून नाहीसे झालेले विकासकही दुर्मीळ नाहीत. तेवढ्या काळात पन्नाशीचा दुकानदार साठीला पोहोचतो, मुलगा नोकरीस लागतो, आणि वहीतील उधारी बुडीत खाती जमा होते.

समजा, तो परत आला, तरी त्याच्यापुढील परिस्थिती बदललेली असते. नव्या इमारतीचे खालचे मजले वाहनांसाठी असतात. रस्त्याला लागून दुकानांची जी सलग रांग होती, तिच्या जागी कुंपणाची भिंत, पहारेकरी आणि मोटारींचे फाटक येते. विक्रीच्या सदनिका घेणारे नवे रहिवासी मोटारीने बाहेर पडतात व मोटारीनेच आत येतात. वस्तीतील दुकानाचा प्राण पायी चालणारे गिऱ्हाईक, तेच कमी होते. इमारतीच्या देखभालीची वर्गणी जुन्या भाड्याच्या अनेक पट असते. पिठाच्या गिरणीचा आवाज आणि हादरा नव्या सोसायटीला नको असतो. खानावळीचा धूर नको असतो. अशा स्थितीत मिळालेला गाळा स्वतः चालविण्यापेक्षा एखाद्या औषधांच्या साखळी दुकानास, बँकेच्या पैसे काढण्याच्या यंत्रास किंवा दलालाच्या कचेरीस भाड्याने देणे अधिक शहाणपणाचे ठरते. दुकानदाराचे आर्थिक नुकसान होतेच असे नाही, कित्येकदा त्याचा फायदाच होतो. नुकसान होते ते वस्तीचे.

गिरगावावर तर याच काळात दुसरा घाला पडला. कुलाबा ते आरे या ३३.५ किलोमीटर लांबीच्या भुयारी मेट्रोची स्थानके गिरगाव व काळबादेवी या अत्यंत दाटीच्या भागांत बांधण्यात आली. त्यासाठी काही इमारती पाडाव्या लागल्या, आणि तेथील रहिवाशांना त्याच परिसरात घरे देण्याचे वचन रहिवाशांच्या आग्रहामुळे शासनाला द्यावे लागले. २०१७ च्या सुमारास सुरू झालेले हे काम ऑक्टोबर २०२५ मध्ये संपूर्ण मार्ग खुला होऊन पुरे झाले. मेट्रो ही शहराची गरज होती आणि गिरगावकरही तिचा लाभ घेत आहेत. पण पत्र्यांच्या आड गेलेल्या रस्त्यावर ज्यांची दुकाने होती, त्यांच्या आठ वर्षांचा जमाखर्च कोणी मांडला? ज्याची जागा संपादन झाली तो कायद्याच्या दृष्टीने बाधित आहे. ज्याची जागा शाबूत राहिली आणि पुढचा रस्ताच नाहीसा झाला, तो सर्वसाधारणपणे बाधित समजला जात नाही. येथेही मोजमाप जागेचे आहे, धंद्याचे नाही.

या दोन कारणांच्या जोडीला वस्तीची घटती संख्या आहे. मुंबईचे बेट शहर १९८१ साली सुमारे ३२ लाख ८५ हजार लोकवस्तीचे होते. २००१ साली ती ३३ लाख ३८ हजारांवर गेली आणि २०११ साली ३० लाख ८५ हजारांवर उतरली. त्यानंतर २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे पुढचे चित्र आकड्यांत उपलब्ध नाही. पण दहा वर्षांत अडीच लाख माणसे कमी होणे ही वाण्याच्या, शिंप्याच्या आणि वह्या-पुस्तके विकणाऱ्याच्या दृष्टीने सामान्य गोष्ट नव्हे. इमारती उंच होत आहेत आणि वस्ती विरळ होत आहे. नव्या मजल्यांवर जागा अधिक आहे, राहणारी माणसे मात्र त्या प्रमाणात नाहीत.

या साऱ्यावर एक सोपे उत्तर हल्ली दिले जाते. भ्रमणध्वनीवर मागणी नोंदवावी, काही मिनिटांत माल दारात हजर होतो, मग कोपऱ्यावरील वाण्याची गरज काय? या सोयीचे आकर्षण खरे आहे, आणि कचेरीतून थकून आलेल्या नोकरदार स्त्रीला ती वापरू नको असे सांगण्याचा कोणाला अधिकार नाही. वाणीही त्या यंत्राचा शत्रू राहिलेला नाही. २०१६ नंतर त्याच्याच गल्ल्यावर पैसे घेण्याचा चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटला आहे. पण ही सोय कोणासाठी आहे, हे पाहिले पाहिजे. थोड्या मालावर पोचवणावळ पडते, म्हणून पाच रुपयांची चहाची पुडी आणि दहा रुपयांचे तेल त्या मार्गाने येत नाही. निवृत्तिवेतनावर एकटी राहणारी वृद्धा, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, खोली भाड्याने घेऊन तिघे-चौघे राहणारे विद्यार्थी यांची खरेदी याच मापाची असते. मोठ्या घाऊक खरेदीचा फायदा ज्याच्याजवळ आगाऊ पैसा आहे त्याला मिळतो. लहान मापात विकणारा दुकानदार उठला की त्याचा भुर्दंड ज्याच्याजवळ पैसा नाही त्याच्यावर पडतो. शिवाय उधारी देणारे नवे यंत्र आहे, पण ते थकबाकीवर व्याज व दंड आकारते आणि आजारपण, बेकारी, मुलीचे लग्न यांतले काहीच त्याला कळत नाही.

आणखी एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. दुकानदाराच्या मुलांनाच दुकान नको आहे, मग इतरांनी काळजी का वाहावी? हा आक्षेप बिनतोड आहे, पण तो दुकानदारापुरता. शिकलेल्या मुलाने बापाच्या गादीवर बसावे अशी सक्ती कोणी करू नये. वस्तीत धंद्यासाठी लहान, परवडणारी, रस्त्याला लागून असलेली जागा शिल्लक राहिली, तर एक वाणी जाईल आणि दुसरा येईल. गिरगावातच कोकणी, कच्छी, गुजराती, इराणी, उडुपी अशी माणसे एकापाठोपाठ येऊन धंद्यात स्थिरावली. विशिष्ट कुटुंब किंवा विशिष्ट जात गाळ्यात टिकावी, असा आग्रह नाही. नव्याने येणाऱ्याला शिरकाव करण्याजोगी जागाच उरणार नसेल, तर मात्र तो शहराचा दोष आहे.

हे टाळणे अशक्य नाही. पुनर्विकासाच्या प्रस्तावाबरोबर भाडेकरूंची यादी जशी तपासली जाते, तशीच त्या इमारतीतील नित्योपयोगी धंद्यांची नोंद व्हावी आणि बांधकामाच्या काळात त्यांना जवळच तात्पुरता गाळा देण्याचे बंधन विकासकावर असावे. नव्या इमारतीतील दुकानांची तोंडे रस्त्याकडेच असली पाहिजेत. ती वाहनतळाच्या मागे ढकलता येऊ नयेत, आणि लहान गाळे एकत्र करून एका मोठ्या दुकानात विलीन करण्यास सहज परवानगी मिळू नये. २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. तेवढ्याच किंवा त्याहून लहान दुकानाला, जे मालक स्वतः चालवितो, काही अंशी तरी सवलत देण्यास तत्त्वतः अडचण नसावी. सार्वजनिक कामासाठी रस्ता वर्षानुवर्षे बंद ठेवावयाचा असेल, तर त्या काळात लगतच्या लहान दुकानांचा मालमत्ता कर तहकूब करणे हा तर केवळ न्याय आहे. यांतील एकाही उपायासाठी अवाढव्य निधी लागत नाही. नियमावलीत धंद्यासाठी एक रकाना लागतो.

त्या रकान्याचे महत्त्व किती, हे भेंडीबाजाराच्या उदाहरणावरून कळते. तेथे बोहरा समाजाच्या सैफी बुऱ्हाणी न्यासाने २००९ पासून सुमारे साडेसोळा एकरांच्या संपूर्ण मोहल्ल्याची एकत्रित पुनर्रचना हाती घेतली. तीत सुमारे ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने होती. हा व्यापारी मोहल्ला असल्याने दुकानांची संख्या इतर वस्त्यांपेक्षा अधिक, हे मान्य केले तरी पाच कुटुंबांमागे दोन दुकाने हे प्रमाण डोळे उघडणारे आहे. त्या प्रकल्पात सारे काही आदर्श घडले असे म्हणण्याचे कारण नाही. त्यालाही मुदती चुकविण्याचा शाप लागलाच. परंतु एक समाज आपल्या वस्तीचा विचार करताना घर आणि धंदा यांची मोजणी एकत्र करतो, आणि महानगराचे नियोजन करणारी यंत्रणा ती वेगळी ठेवते, यातील फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

मराठी पाटीच्या कायद्यामागे शासनाची जी भूमिका होती, ती अशी की दुकान हे केवळ मालकाची खासगी मालमत्ता नाही, त्याचे दर्शनी रूप ही समाजाच्या हिताची बाब आहे. ती भूमिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. मग तीच भूमिका दर्शनी रूपापाशी थांबण्याचे कारण काय? गिरगावच्या रस्त्यावर उद्या सर्व पाट्या ठसठशीत देवनागरीत असतील, आणि त्यांच्याखाली वातानुकूलित औषधविक्री, गाडीविक्री व घरविक्री चालू असेल. तेथेच दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त शिक्षकास दळण टाकण्यासाठी टॅक्सी करावी लागत असेल, तर त्या पाट्या वाचून त्याने समाधान मानावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. पुनर्विकासाच्या नियमावलीची पुढील दुरुस्ती होईल तेव्हा पाटीखालच्या दुकानाचाही विचार करावा, एवढी मागणी या शहरातील भाडेकरू संघटनांनी, ग्राहक संस्थांनी आणि महापालिकेत निवडून गेलेल्या नगरसेवकांनी आताच लावून धरली पाहिजे. उरलेल्या तेरा हजार इमारती पाडल्या गेल्यावर ती मागणी करण्यात अर्थ उरणार नाही.